शेळी घरात, सासू झोक्यावर

आधी समोरच्या ओळीतल्या अक्कांचं सांगते, मग वादळाचं. त्या नसत्या तर सांगायला वादळ उरलं असतं, घर उरलं नसतं.

रावेरच्या कडेला, केळीच्या बागा सुरू होतात तिथं आमची वस्ती आहे. मधे मातीची गल्ली, दोन्ही बाजूंना घरांच्या दोन ओळी, विटांच्या भिंती, वर पत्रे. बहुतेक जण केळीच्याच कामावर. कोणी घड कापतं, कोणी धुतं, कोणी खोक्यात भरतं, कोणी ट्रक भरतं. आम्ही साक्रीकडच्या डोंगरातल्या गावाचे. माहेर, सासर दोन्ही तिकडंच. बस बदलत बदलत गेलं तर अख्खा दिवस जातो. इथल्या बाया मला नावानं कमी आणि ‘साक्रीवाली’ म्हणूनच जास्त ओळखतात. आधी राग यायचा, आता कोणी नावानं हाक मारली की मीच मागं वळून बघत नाही.

मी भित्री आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. गॅस बंद केला का ते मी परत परत बघते, आणि शेजारणीकडं चहा प्यायला गेले तर तिचाही बघते. आई फोनवर म्हणते, “पोरी, तू उगी घाबरस. तठे बठ्ठा लोक शेत ना तुना संगे?” आहेत, सगळे सोबत आहेत. पण भीतीला ते कळत नाही.

भीतीला कारणही झालं होतं. मागच्या उन्हाळ्यात आमचे पत्रे उडाले. इकडं मे-जूनमध्ये अशी वादळं येतात, की उभी बाग घटकेत झोपते. मी पत्र्यावर दगड ठेवले होते. आमच्या गावाकडं असंच करतात, माझे वडील असंच करायचे. पत्रे वाऱ्यानं नेले आणि दगड आमच्यासाठी ठेवून गेले. त्यातला एक चुलीजवळ पडला. मुलगी तिथंच बसलेली होती, आणि तेवढ्यात मांजर बघायला म्हणून उठून दारात गेली होती. नंतर पाऊस सरळ घरात. ज्वारी भिजली, गाद्या भिजल्या, मुलीची पुस्तकं फुगून उशीएवढी झाली.

नवऱ्यानं पुन्हा पत्रे टाकले. शेवटचा खिळा ठोकून खाली उतरला तेव्हा म्हणाला, “हे आता शेवटचं. पुढच्या साली उडाले तर मी वर चढणार नाही. बिऱ्हाड बांधायचं आणि गावाला जायचं.”

तो रागानं नव्हता म्हणाला, दमून म्हणाला होता. म्हणूनच मला ते खरं वाटलं. आणि गावाला जायचं म्हणजे मुलीची शाळा जायची. आमच्या गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढं नाला ओलांडून दुसऱ्या गावाला जावं लागतं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आई मला घरी ठेवायची, आणि असं राहता राहता सहावीतच माझी शाळा सुटली. कोणी सोडवली नाही, सुटली. इथं शाळा गल्लीच्या टोकाला आहे. घंटा झाली की मुलगी तोंडातला घास संपवत पळते. ती घंटा ऐकली की मला दिवस चांगला जाणार असं वाटतं.

तर यंदा उन्हाळा लागला तशी मी तयारीला लागले. पहिलं काम म्हणजे पत्र्यावर दुप्पट दगड चढवले. दुसरं, बॅटरी, काडेपेटी, आधारकार्डं, मुलीच्या शाळेची कागदं, तापाच्या गोळ्या, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दुसरी पिशवी, वर तिसरी, असं गाठोडं करून कोठीत ठेवलं. मला वाटलं, आता मी तयार आहे. तरी वारा जरा सुटला की मी अंगणात जाऊन दगड मोजायचे.

समोरच्या अक्का हे सगळं त्यांच्या ओट्यावरून बघत होत्या. अक्का साठीच्या पुढच्या, केळी धुण्याच्या कामावर. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून कधी तरी येतो. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला हळू बोलल्या तर त्या टोकाला ऐकू जावं. मी दगड चढवत होते तेव्हा म्हणाल्या, “साक्रीवाली, किल्ला बांधून राह्यली का?” मी म्हटलं, “वादळ येतंय ना अक्का.” त्या म्हणाल्या, “येऊ दे. किल्ल्यावरून तोफा पन डागशीन.” आणि हसत आत गेल्या.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखाजी म्हणतात आणि खान्देशात ती दिवाळीएवढी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पुरुष पत्त्यांना बसतात, त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. आणि बाया एकमेकींना शिव्या देतात. म्हणजे गाण्यात. गावाच्या दोन बाजूंच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींची यथेच्छ निंदा करतात, कोणी मनावर घेत नाही. आमच्या वस्तीत बाया गावोगावच्या, अर्ध्यांना माहेरी जायला जमत नाही, म्हणून आखाजी गल्लीतच होते. टोकाच्या निंबाला अक्का झोका बांधतात, आणि आमची ओळ विरुद्ध त्यांची ओळ.

त्या दिवशी समोरून सुरुवात झाली:

“तिकडच्या बायांचं काय सांगू बाई,
भाकर करपली तरी जाग नाही.”

आमच्या ओळीनं लगेच परतवलं:

“तिकडच्या बायांचा थाटच मोठा,
दारात पाहुणा नि घरात गोठा.”

असं बराच वेळ चाललं. मग अक्का मधे आल्या, हातात पितळी थाळी आणि चमचा. म्हणाल्या, “तोंडं तर दोन्हीकडचीही चालतात. हातपाय कोनाचे चालतात ते पाहू. मी थाळी वाजवीन. समजा, वादळ आलं. जिची ओळ आधी घरात, तिची आखाजी.”

“म्हणजे काय करायचं?” कोणी तरी विचारलं.

“जे खरंच करशीन ते. पोरं आत, म्हातारे आत, ढोरं आत, खाटेवरचं वाळवण आत. गॅस बंद, लाईटीचा मेन बंद. बॅटरी हातात. दार लावायचं अन् मधल्या भिंतीले पाठ लावून खाली बसायचं. मी एकेक घर पाहीन. लबाडी चालनार नाही.”

सगळ्या हसायला लागल्या. आणि अक्कांनी थाळी वाजवली.

जो गोंधळ झाला तो मी कधी विसरणार नाही. नऊवारी, पाचवारी, गाऊन, सगळ्या एकाच वेळी पळाल्या. दोघी एकाच खाटेची दोन टोकं धरून दोन दिशांना ओढत होत्या. एकीनं दुसरीचंच पोर उचलून नेलं आणि त्यानं आत जाऊन भोकाड पसरलं तेव्हा तिला कळलं. आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातली सून सगळ्यांत चपळ. तिनं शेळी आत घेतली, कोंबड्या आत घेतल्या, दार लावून कडी घातली. आणि तिची सासू झोक्यावर तशीच. बिचारी म्हातारी झोका घेत घेत विचारत होती, “मले कोनी नेता का?”

समोरच्या ओळीला आयतं गाणं मिळालं. “शेळी घरात, सासू झोक्यावर” हे त्या दिवसापासून गल्लीत कोणीही कोणालाही म्हणायला लागलं. सगळ्यांत जास्त ती सासूच म्हणायची.

मग अक्का घरं बघत माझ्याकडं आल्या. मुलगी आत, गॅस बंद, मेन बंद, मी भिंतीला पाठ लावून बसलेली. मनात म्हटलं, आपण पहिल्या.

“बॅटरी कुठी हाये?”

“कोठीत.”

“कोठीत कुठी?”

मुलीनं सांगून टाकलं, “खाली. ज्वारीच्या खाली.”

अक्कांनी कोठीचं झाकण उघडलं. काठोकाठ ज्वारी. वर्षाची भरलेली. मी गाठोडं आधी तळाला ठेवलं होतं, पाणी लागू नये, चोराला सापडू नये म्हणून, आणि वर धान्य ओतलं होतं. आमच्या घरी आजीपासून जपायची वस्तू अशीच ठेवतात. अक्कांनी खांद्यापर्यंत हात घातला. मग दुसरा घातला. गाठोडं काही हाताला लागेना. दारात बाया गोळा झाल्या. अक्का ज्वारीत तोंड खुपसून म्हणाल्या, “अवं, वादळाले थांब म्हनावं जरा. आमची बॅटरी पेरली हाये, उगवली का देतो.”

मीही हसले. बाकीच्यांपेक्षा जास्तच हसले बहुतेक, कारण मला माझी तयारी पहिल्यांदा बाहेरून दिसली. गाठोडं काढायला अर्धी ज्वारी चादरीवर उपसावी लागली. तेव्हापासून ते दाराच्या मागच्या खुंटीला आहे, मुलीच्या हाताला येईल असं.

यंदाची आखाजी समोरच्या ओळीनं जिंकली. पण खेळ थांबला नाही. अक्का मनात आलं की थाळी वाजवायच्या. सकाळी, भर दुपारी, नळाला पाणी आलेलं असताना. बाया शिव्या देत पळायच्या. सुनेनं मग सासूला आधी आणि शेळीला नंतर असा क्रम पक्का केला.

एका संध्याकाळी अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि वर दगडांकडं बघत राहिल्या.

“मागल्या साली एक दगड आत पडलता ना?”

“हो. म्हणून यंदा दुप्पट ठेवलेत.”

“म्हंजी यंदा दोन पडतीन.”

मीही वर बघितलं. त्या म्हणाल्या, “केळीले घड जड झाला का झाड वाकते. मग काय करतो आपन? झाडाच्या डोक्यावर दगड ठेवतो?”

“नाही. पट्टीनं बांधतो. शेजारच्या झाडाला.”

“मग घराले काबर दगड ठेवते?”

मी रोज बागेत त्या पट्ट्या बघत होते. प्लॅस्टिकच्या, लांबच लांब, झाडाला झाड बांधून ठेवणाऱ्या. घरी आले की माझ्या डोक्यात मात्र वडिलांचे दगड. ते काढायचे म्हणजे वडिलांचं घर मोडल्यासारखं वाटत होतं. आणि खरी भीती ही, की काढले आणि पत्रे गेले, तर नवरा म्हणेल, तूच काढलेस. मुलीची शाळा माझ्या हातानं गेली असं होईल. मी अक्कांना हे सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, “अवं, तू एकली काढू नको. अख्खी ओळ काढू.”

आणि खरंच, पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही ओळी कामाला लागल्या. केळी काढून झालेल्या बागेतल्या जुन्या पट्ट्या अक्कांनी मालकाला विचारून आणल्या. मजबूत तेवढ्या निवडल्या, तीन-तीन एकत्र वळल्या. पत्र्याखालच्या पाइपांना बांधल्या, पत्र्यावरून आडव्या घेतल्या आणि दोन्हीकडून खाली ओढून जमिनीत पुरलेल्या दगडांना आवळल्या. तेच दगड. वरून खाली आले एवढंच. ज्यांच्या भिंती लागून होत्या त्यांचे पत्रे एकमेकांना बांधले, बागेत झाडं बांधतात तसे. माझा नवरा पाइपांच्या गाठी मारत होता, पण तोंड चालू होतं. “हे घर आहे का पार्सल? उद्या ट्रकात घालून दिल्लीला पाठवतील.” समोरून अक्का म्हणाल्या, “तुले नाही पाठवनार. तिकडं माल तपासून घेतात.”

वादळ आलं त्या दिवशी माझ्याकडं बिबड्या होत्या. बिबड्या म्हणजे ज्वारी भिजवून, कांडून, तीळ-मिरची-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या फडक्यावर थापून उन्हात वाळवायची. आमच्याकडं उन्हाळ्यात हे झालं नाही तर वर्ष पुरं होत नाही. एकटीचं काम नव्हे. सगळ्या बाया पहाटेपासून माझ्या अंगणात. मुलांनी गरम पिठात कच्चं तेल घालून वाट्याच्या वाट्या संपवल्या. दुपारपर्यंत गल्लीत खाटाच खाटा, वर जुन्या साड्या, साड्यांवर बिबड्या.

दुपार कलली तसा सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. सरकारी इशारा. मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवला, जोरदार वारा, विजा, घराबाहेर पडू नका. आकाश तेव्हा स्वच्छ होतं. एक जण म्हणाली, “फोन काय, रोजच ओरडतो.” पण अक्का उठून गल्लीच्या टोकाला गेल्या. परत आल्या त्या पळतच, आणि थाळी वाजवली.

“झाली का सुरू म्हातारी,” समोरून कोणी तरी म्हणालं. सगळ्या उठल्या, हसत, पदर खोचत. आमची ओळ म्हणाली, आज आपण जिंकायचं. खाटांची चारी टोकं चौघींनी धरली, साड्यांसकट बिबड्या आत. पोरं आत. सून सासूला हाताला धरून नेत होती आणि सासू तिला म्हणत होती, “शेळी राहू दे, माह्या चपला घे.” मी गॅस बंद केला, मेन ओढला, खुंटीवरून गाठोडं घेतलं. मी इतकी घाईत होते की घाबरायचं राहून गेलं.

दार लावताना पहिल्यांदा आकाशाकडं बघितलं. बागांच्या वर मातकट भिंत उभी होती आणि ती चालत येत होती. अक्का माझ्याच अंगणात होत्या, त्यांना त्यांच्या दारापर्यंत जायला वेळ नव्हता. मी त्यांचा हात धरून आत ओढलं. त्यांच्यामागून ती शेळीही आत आली.

मग जे सुरू झालं त्यात काहीच ऐकू येईना. पत्रे वर उचलत होते. उचलायचे, पट्ट्यांना हिसका बसायचा, खाली बसायचे. पट्ट्या घूं घूं वाजत होत्या. मी वर बघत होते, फक्त वर. मुलगी माझ्या मांडीत. मनात एकच, यंदा नको, यंदा नको. एक कोपरा इतका उचलला की उजेड आत आला, आणि मला वाटलं, गेलं.

अक्का भिंतीला तोंड लावून शेजारच्या घराला ओरडल्या, “तिकडच्या बायांचं काय सांगू बाई.”

भिंतीपलीकडून काही आलं नाही. अक्कांनी पुन्हा ओरडून म्हटलं. मग बारीक आवाज आला, “भाकर करपली तरी जाग नाही.” म्हणजे त्या होत्या. मुलगीही उठून भिंतीशी गेली आणि ओरडायला लागली. पलीकडचीनं तिच्या पलीकडच्या भिंतीला म्हटलं, तिनं पुढच्या. अशा शिव्या भिंतीभिंतीतून ओळीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. शेवटच्या घरातून सासूचा निरोप आला, चार भिंतींतून फिरत फिरत: “सासू घरात, शेळी कुठी?”

शेळी आमच्याकडं होती. अंधारात एका खाटेवरच्या बिबड्या शांतपणे खात होती. मुलीनं बॅटरी लावली तेव्हा दिसलं. वादळानं आमचं जे काही नेलं नाही ते तिनं नेलं. अक्का हसता हसता खाली बसल्या, मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होते, आणि वर पत्रे अजून आदळतच होते.

वारा पडला तसा पाऊस आला, साधा पाऊस. दार उघडलं. समोरच्या ओळीचीही दारं उघडत होती. गल्लीत कोणाची तरी बादली, एक मोडलेली फांदी, निंबाच्या पाल्याचा खच. पत्रे सगळ्यांचे जागेवर. आमचा एक कोपरा वाकला होता, कागदाचा कोपरा दुमडतो तसा. एवढंच.

बागा मात्र झोपल्या होत्या. गल्लीच्या टोकाहून दिसत होत्या. त्या दिवशी जेवताना कोणीच फार बोललं नाही, कारण ज्यांच्या बागा त्यांचं वर्ष गेलं होतं आणि आमचंही काम त्यांच्याच बागांत. आनंद खरा होता, पण तो दार लोटून घेऊनच केला.

नवरा बागेतून पळत आला, चिखलानं माखलेला. मला, मुलीला बघितलं, मग वर बघितलं. वाकलेल्या कोपऱ्याला हात लावून पट्टी ओढून बघितली. मग डोक्यावरचा फडका पिळत मुलीला विचारलं, “शाळा कधी उघडते गं?”

मुलीनं सांगितलं. तो म्हणाला, “मग दप्तर बघावं लागेल. मागचं भिजलं होतं.”

मी आत जाऊन चहा ठेवला. गॅस पेटवताना रडू आलं.

अक्का चहाला थांबल्या. तेवढ्यात आईचा फोन आला, वादळाची बातमी ऐकून घाबरलेली. मी म्हटलं, “बठ्ठं चांगलं शे आई, काही उडनं नही.” अक्का ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर विचारलं, “तुमच्याइकडं आखाजीले झोका कशाले बांधतात?”

“आंब्याला. आमच्या मळ्यातल्या.”

“अन् लेकीले काम लावतात?”

“आखाजीला? हात नाही लावू देत कशाला.”

त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, “माह्या माहेराले आता कोनी नाही. भाऊ होता तवर येत होता घ्यायले. घराले कुलूप हाये. झोका बांधनारं कोनी राह्यलं नाही, म्हनून मी तुमचे बांधते.” त्यात रडगाणं नव्हतं. बशी रिकामी केली, म्हणाल्या, “बिबड्या नीट वाळव उद्या, शेळीनं ठेवल्या तेवढ्या,” आणि पावसातच आपल्या दाराकडं गेल्या.

मनात एक आहे, ते अजून मी त्यांना बोलले नाही. त्या हसतील, काही तरी लागट बोलतील, म्हणून. आईला मात्र सांगून ठेवलंय. एका आखाजीला, नवऱ्याला रजा मिळेल आणि हातात पैसा जमेल त्या वर्षी, मी अक्कांना साक्रीला नेणार. बस बदलत बदलत, खिडकीची जागा त्यांना देऊन. आंब्याला झोका मी बांधीन आणि आधी त्या बसतील. भाकरी मी करीन, पाणी मी आणीन, त्यांना चुलीपाशी येऊ देणार नाही. परत निघताना आई लेकीची भरते तशी त्यांची ओटी भरील. त्यांनी माझं घर जागेवर ठेवलं. मी त्यांना माहेर देईन. कधी ते आज सांगता येत नाही, पण देईन.